लेकरू झालंय

फेब्रुवारी लागला की नळदुर्गच्या आमच्या कॉलेजात दोन वास एकमेकांत मिसळतात. प्रयोगशाळेतून झायलीनचा आणि खिडकीतून वाळत्या कडब्याचा. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, लांब कुठंतरी मळणीयंत्राची घरघर आणि आत प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या पोरापोरींची भेदरलेली शांतता. मी एकेक सूक्ष्मदर्शक लावत जाते. एक काच नेहमी शेवटी लावते. उंदराच्या गर्भातल्या वृषणाचा छेद आहे तो. नुसत्या डोळ्यांना पुसट गुलाबी डाग दिसतो. भिंगाखाली मात्र एक वस्तीच उघडते. वळणावळणाच्या दोरांसारख्या पेशींच्या रांगा, त्यांच्यामधून गेलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्या वाहिन्यांना खेटून, मधल्या मोकळ्या जागेत बसलेले गोलसर पेशींचे छोटे घोळके. ह्या लायडिग पेशी. पुरुषपणाचं संप्रेरक ह्याच तयार करतात.

परीक्षेत त्या ओळखायच्या, नाव लिहायचं, जागा लिहायची, काम लिहायचं. मी तसंच शिकले आणि तसंच शिकवत आले. पण सुगी आली की ही काच लावताना माझा हात थोडा थबकतो. एका सुगीत ह्या पेशी आमच्या घरात आल्या होत्या आणि त्या जाग्या होतात की नाही, ह्याची वाट बघत आमचं अख्खं घर बसलं होतं.

माझा धाकटा भाऊ बालाजी बेंबळीला शेती करतो. त्याची बायको मीरा तामलवाडीची. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला दिवस गेले होते, त्यामुळं सगळ्यांचाच जीव तिच्या पोटाशी. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तोंडावर आलेली, रानात ज्वारी पोटरीत, हवेत चांगला गारठा. अशा एका सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्यात तिची सुटका झाली. मी, बालाजी आणि आमची माय बाहेरच्या बाकावर होतो. आत रडण्याचा खणखणीत आवाज आला, मायेनं डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली.

"काय झालं वं बाई?" मायेनं विचारलं.

"लेकरू झालंय. बाळंतीण बरी हाय."

"त्ये कळलं. पर झालं काय?"

नर्सनं क्षणभर माझ्याकडं बघितलं. "लेकरू झालंय, आज्जी. चांगलं रडायलंय. बाकीचं डॉक्टर सांगतील."

रडणं ऐकताच बालाजी उठून मिठाईच्या दुकानात जाऊन पोचला होता. मुलगा असला तर पेढे, मुलगी असली तर जिलेबी, हे आमच्याकडं ठरलेलं. त्यानं मला फोन केला, "अक्का, काय घेऊ?" मी दवाखान्याच्या बंद दाराकडं बघितलं. "तुला वाटंल ते घे," म्हणाले. तो बराच वेळ दुकानासमोर उभा राहिला असणार. परत आला तेव्हा त्याच्या हातात केळी आणि चिवड्याचा पुडा होता.

डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं. बाळ गुटगुटीत होतं, वजन चांगलं होतं, दूध ओढत होतं. पण ते मुलगा की मुलगी, हे त्याच्या अंगाकडं बघून सांगता येत नव्हतं. दोन वाटांच्या मधोमध थांबल्यासारखी त्याची घडण होती. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पण ह्यातली माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. सोलापूरला एक बाई आहेत."

सोलापूरच्या डॉक्टरबाई लहान मुलांच्या. बोलायला शांत. पहिल्यांदा त्यांनी बाळाच्या रक्तातले क्षार बघितले, जिवाला धोका नाही ह्याची खात्री केली. मग सोनोग्राफी. आत गर्भपिशवी नव्हती, जांघेत दोन्ही बाजूंना लहानशा ग्रंथी होत्या. गुणसूत्रांची तपासणी पुढं गेली. तिचं उत्तर यायला वेळ लागणार होता. "तोपर्यंत फक्त बाळ म्हणा," त्या म्हणाल्या. "घाईनं कुणाला काही सांगू नका. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही."

आपल्या भाषेनं त्या दिवसांत आमची किती लाज राखली! लेकरू. ते लेकरू. ते झोपलंय, ते रडायलंय, ते प्यायलंय. गल्लीतल्या बायका दारात यायच्या, "काय झालं?" विचारायच्या, आणि माय चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणायची, "लेकरू झालंय." त्यात खोटं काहीच नव्हतं. एवढं मराठी बोलले, पण ह्या तिसऱ्या लिंगात इतकी ऊब असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

येळवस आली. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप. त्या वर्षी आमच्या घरून बालाजी एकटाच मडकं घेऊन गेला, पूजा करून लगेच परतला. रानातून बोलावणी येत होती, तो मान हलवून वाट चालत राहिला. बारावा दिवसही तसाच गेला. बारसं झालं नाही. आत्या मी, नाव ठेवायचा मान माझा. पण कुठलं नाव ठेवायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग गुणसूत्रांचा रिपोर्ट आला. एक्स आणि वाय. बालाजीला वाटलं, सुटलो. "म्हंजी पोरगाच की!" पण डॉक्टरबाईंनी हळूच मान हलवली. "नुसत्या गुणसूत्रांनी भागत नाही. त्या ग्रंथींतल्या पेशींनी संप्रेरक बनवायला पाहिजे. पोटात असताना त्यांनी थोडं बनवलंय, पण कमी पडलंय. त्या पेशी आत आहेत का आणि काम करू शकतात का, हे कळलं की पुढची वाट ठरवू." त्यासाठी सुई टोचून पेशींना मुद्दाम उठवायचीही गरज नव्हती. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत त्या एकदा आपल्या आपण जाग्या होतात. कुणी सांगितल्याशिवाय. मग गप्प होतात, त्या थेट मिसरूड फुटायच्या वयापर्यंत. "तेव्हा थांबू या," त्या म्हणाल्या. "सुगीपर्यंत."

त्या खरोखर 'सुगी' म्हणाल्या. सोलापूरच्या असल्या तरी शेतकऱ्याच्या घरातल्या असाव्यात.

मी शनिवारी कॉलेज सुटलं की बेंबळीची एसटी धरायची. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात मीरा अंगणात पाय पसरून बसलेली असायची आणि तिच्या पायांवर ते लेकरू, तेलानं चकाकणारं. ती छातीवरून हात फिरवी, दंड चोळी, पायांच्या घड्या घाली. लेकरू उन्हाकडं डोळे बारीक करून बघायचं. एक दिवस तिचा हात थांबला.

"अक्का, माझ्याच पोटात काय कमी पडलं आसंल का वं?"

"असं का म्हणतेस?"

"उन्हाळ्यात म्या लई हिंडले. चुलत बहिणीच्या लग्नात नाचले बी. माय म्हन्तात, तवाच झालं आसंल."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिला सांगायला लागले. वर्गात शिकवते तसं नाही. मलाच ते पहिल्यांदा कळत असल्यासारखं.

सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्येक गर्भाजवळ दोन्ही वाटांची तयारी असते. बाईच्या अवयवांच्या नळ्याही असतात आणि पुरुषाच्याही. शेजारी शेजारी.

"समद्यांचंच?" मीरानं विचारलं.

"सगळ्यांचंच."

"ह्यांचं बी?" तिनं गोठ्याकडं, पेंड भिजवत बसलेल्या बालाजीकडं बोट केलं.

"बाल्याचं बी."

ती खुदकन हसली. बाळंतपणानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. बालाजीनं तिकडून विचारलं, "काय झालं?" आणि आम्ही दोघी आणखीच हसत सुटलो.

मग मी पुढचं सांगितलं. ग्रंथी आधी नुसता एक उंचवटा असते, कुणाचीही नाही अशी. मग काही पेशी ठरवतात की आपण सांभाळणाऱ्या व्हायचं. त्या दोर वळाव्यात तशा रांगा धरतात आणि दोन कामं करतात. एक, गर्भपिशवीच्या नळीला विरून जायला सांगतात. हे काम आपल्या लेकरात नीट झालं होतं. दुसरं, मधल्या मोकळ्या जागेत ज्या साध्या, बिननावाच्या पेशी असतात, त्यांना निरोप पाठवतात. त्या निरोपानं काहींचं रूप पालटतं. त्या गोल होतात, तेलकट थेंबांनी भरतात आणि संप्रेरक बनवायला लागतात. आणि सगळ्यांनाच बदलू दिलं जात नाही. काहींना तिथंच थांबवून ठेवलं जातं, राखीव. पुढं पोरगं मोठं होईल तेव्हा ह्याच थांबलेल्यांतून नव्या पेशी उभ्या राहतात. एवढासा जीव, अजून त्याला पापणी मिटता येत नाही, आणि त्याच्या आत बारा-तेरा वर्षांनंतरची सोय लावून ठेवलेली.

उंदरांत तर असं दिसलंय की ह्या पेशींना संप्रेरकाची शेवटची पायरी स्वतःला जमतच नाही. अर्धवट बनवलेलं त्या शेजारच्या सांभाळणाऱ्या पेशींकडं सरकवतात आणि त्या ते पुरं करून देतात.

"आन् त्यांला उठिवतं कोन?" मीरानं विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलं होतं. त्या अंगणात मात्र ते मी तिच्या पोटाकडं बघून सांगितलं.

"वार," मी म्हणाले. "तुझ्या पोटातली वार. तिच्यातून एक रस निघतो. तो ह्या पेशींना जागं करतो, कामाला लावतो. तू लग्नात नाचत होतीस ना, तेव्हा ते चाललं होतं. तू झोपलीस तरी चाललं होतं. नाचल्यानं काही बिघडलं नाही, मीरा. हे तुझ्या हातातलं नव्हतंच. डॉक्टरबाईंना विचार, त्याही हेच सांगतील."

लेकराच्या पोटावर तिनं तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या रविवारी एसटीत बसल्यावर मी मागं मोजत गेले. त्या पेशी जाग्या व्हायचे दिवस वैशाखात पडत होते. तामलवाडीचं ते लग्न मला लख्ख आठवलं. मांडवाच्या कापडातून गाळून आलेलं पिवळं ऊन, बँडवाल्यांच्या घामेजलेल्या टोप्या, पंगतीत वाढलेला आमरस. मीरा दोन घास खाऊन उठली, मांडवामागं जाऊन ओकली आणि चूळ भरून पुन्हा नाचायला आली. हिरवी साडी, गजरा एका बाजूला घसरलेला. मी तिथंच होते. लायडिग पेशींवर वर्षानुवर्षं शिकवणारी मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि त्याच घटकेला, एवढ्या ढोलताशात, तिच्या आत बोटाच्या पेराएवढ्या जिवात निरोप जात होते, पेशी आपली रूपं पालटत होत्या. पुढं मृगाचा पाऊस झाला, सोयाबीनची पेरणी आली, आम्ही बियाणांच्या पिशव्या, कुळवाच्या पाळीचं ट्रॅक्टर ह्यांत गढलो. त्या पेशींच्या कामाचे ते ऐन भराचे दिवस. त्यांत कुठं, कुणाचा आवाज जरा क्षीण पडला, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मायेचं मन मात्र अजून ठिकाणावर नव्हतं. एका संध्याकाळी, देवापुढं दिवा लावून झाल्यावर, ती म्हणाली, "तुळजापूर हितं जवळच हाय. आसली लेकरं देवीची आसत्यात. तिच्या वटीत घालावं आन् मोकळं व्हावं."

बालाजी खाली मान घालून बसला. मी बोलणार होते, पण मीरानंच तोंड उघडलं. सासूपुढं मी तिला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही तिनं चढवला नाही.

"माय, देवीनंच दिलंय न्हवं? मग तिला परत कशाला द्यायचं? तिनं काय मागितलंय व्हय?"

"रिपोर्ट उलटा आला तर? गाव काय म्हनंल?"

"रिपोर्ट काय यायचा त्यो येऊ द्या. पोरगं म्हना, पोरगी म्हना, न्हाय तर काईच म्हनू नका. माज्या लेकराला हाक माराय नाव पायजे. दोन महिने झाले, म्या त्येला नुसतं 'अरे, अगं' बी म्हनू शकंना." मग ती माझ्याकडं वळली. "अक्का, तुमी आत्या हायत. कवा ठिवताय नाव?"

माय उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाळण्याची दोरी होती. बालाजी लहान असतानाची, जाडजूड, सुती. तिनं ती बालाजीच्या अंगावर टाकली. "बांध," म्हणाली.

असं ते बारसं झालं, संप्रेरकासाठी रक्त तपासायच्या आधी. गल्लीतल्या बायका आल्या. काहींच्या नजरेत प्रश्न होताच, पण घुगऱ्या सगळ्यांनी मागून खाल्ल्या. मी पाळण्यात वाकले, लेकराच्या कानाला ओठ लावले, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. पाठीत बायकांचे धपाटे बसत होते. ते खरं नाव मी इथं लिहीत नाही. मुलाला आणि मुलीला, दोघांना शोभेल असं ते होतं, एवढंच सांगते. ह्या लेखापुरतं आपण किरण म्हणू. मीराची हरकत नाही, तिला विचारूनच लिहिते आहे.

सुगी भरात आल्यावर आम्ही सोलापूरला जाऊन रक्त देऊन आलो. किरणनं एवढासा हात ओढून घेतला आणि दवाखाना डोक्यावर घेतला. काही दिवसांनी, मी तासावर असताना डॉक्टरबाईंचा फोन आला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात गेले.

"संप्रेरक वर आलंय," त्या म्हणाल्या. "छान वर आलंय. पेशी आहेत, आणि जाग्या झाल्यात."

समोर हायवेवरून ट्रक जात होते. कुणीही न उठवता, कुणालाही न विचारता, आमच्या घरात पाळण्यात झोपलेल्या त्या जिवात त्या घोळक्यांनी आपलं काम हाती घेतलं होतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वर्गातल्या पोरींनी दारातून डोकं काढून विचारलं, "मॅडम, काय झालं?" "चांगलं झालं," एवढंच मी म्हणाले.

बातमी फोनवर सांगवेना. मी तडक बेंबळी गाठली आणि रानात गेले. ज्वारी काढून पडली होती, पेंढ्या बांधणं चाललं होतं. बाभळीच्या सावलीत झोळीत किरण, शेजारी माय. मी सांगितलं तसा बालाजी हातातली पेंढी तशीच धरून खाली बसला. मीरानं पहिल्यांदा एकच विचारलं, "म्हंजी आता त्येला काय दुखणार न्हाय?" मी म्हणाले, थोडी इंजेक्शनं लागतील, पुढं एखादं ऑपरेशनही लागेल, पण दुखणं असं काही नाही. मुलगा म्हणून वाढवायचं, असं डॉक्टरबाईंचं मत आहे. ती "बरं," म्हणाली आणि झोळीपाशी जाऊन, त्याच्या कपाळावर बसलेलं कडब्याचं कुसळ नखानं अलगद काढायला लागली.

माय पदर झटकून उठली. "मंगळवारी तुळजापूरला जाऊन येते," म्हणाली. "वाहायला न्हाय. सांगायला."

पोटात असताना त्या पेशी का कमी पडल्या, हे डॉक्टरबाईंनाही नेमकं सांगता आलं नाही. पुष्कळदा कळत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. इंजेक्शनं झाली, किरण दोन वर्षांचा व्हायच्या आत ऑपरेशन झालं, नीट झालं. आता तो शाळेत जातो, मास्तरांच्या तक्रारी घरी घेऊन येतो, येळवशीला सगळ्यांच्या आधी रानात पळतो. त्याच्यातल्या त्या पेशी कधीच्या गप्प झाल्यात. पुढच्या पिढीच्या पेशी मधल्या जागेत बिननावानं बसून असतील. त्या वेळेवर उठतील का, हे आज कुणी सांगू शकत नाही. तेव्हा आम्ही पुन्हा थांबू. थांबायचं कसं, ते आता आम्हाला येतं.

परवाच्या रविवारी बेंबळीला गेले होते. बालाजीची काळी शेळी गाभण आहे, दिवस भरत आलेत. गोठ्यात तिच्याभोवती आम्ही सगळे उभे राहून नेहमीसारखे अंदाज करत होतो. माय म्हणत होती, पाठ होणार, मादी. बालाजी म्हणत होता, बोकड, पैज लाव. मीरा म्हणत होती, दोन हायत, बघा. किरण शेळीच्या पोटाला कान लावून उकिडवा बसला होता. मध्येच त्यानं वर बघितलं.

"आत्या, आत काय चाललंय?"

वर्गात सांगते ते सगळं मी बाजूला ठेवलं.

"लई काम चाललंय," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग ओठांवर बोट ठेवून, कपाळाला आठ्या घालून आमच्याकडं बघितलं.

"मग गलका कशाला करताव? करू द्या की त्येला काम."

आणि आम्ही सगळी मोठी माणसं खरंच गप्प झालो.